नाव आणि निषेध : गांजाविषयक कायद्यांच्या परिभाषेची समीक्षा

परतूर येथे वकिली करणारे माझे एक जुने विद्यार्थी गेल्या वर्षी एक कागद घेऊन माझ्याकडे आले. कागदावर एकच वाक्य उतरून घेतलेले होते. मराठीत ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ या लांबलचक नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८५ च्या कायद्यातील गांजाची ती व्याख्या होती. तिचा आशय असा की, गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्यास किंवा फळास आलेले शेंडे; बिया व पाने, शेंडे सोबत नसताना, यांतून वगळावयाची; आणि त्या शेंड्यांस लोक कोणत्याही नावाने ओळखोत, कायद्यास ते सारखेच. त्यांचा प्रश्न दुहेरी होता. “सर, ‘शेंडे सोबत नसताना’ हे शब्द नुसत्या पानांना लागतात की बियांनाही? आणि ‘सोबत’ म्हणजे एकाच फांदीवर की एकाच पोत्यात?”

प्रश्न व्याकरणाचा होता, म्हणून तो माझ्याकडे आला. परंतु त्याचे उत्तर व्याकरणापुरते राहणारे नव्हते. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे एक किलोहून कमी गांजा ‘अल्प’ आणि वीस किलोहून अधिक गांजा ‘व्यापारी’ प्रमाणाचा ठरतो. अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. व्यापारी प्रमाणास किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी असून जामीन मिळणेही कायद्याने अवघड करून ठेवले आहे. पोत्यात पाला, काड्या व बिया किती आणि शेंडे किती, यावर माणसाच्या आयुष्यातील दहा वर्षे अवलंबून राहतात. एका क्रियाविशेषणात्मक पदबंधाचा अन्वय कोठे लावावयाचा, या प्रश्नास इतके वजन प्राप्त झालेले मी आजवरच्या अध्यापनात पाहिले नव्हते. प्रस्तुत लेख त्या निमित्ताने केलेल्या वाचनातून निघाला आहे.

या विषयावर आपल्याकडे जे लेखन होते ते बहुधा एकाच साच्याचे असते. जगाच्या नकाशावर रंग भरावेत तसे देश मांडले जातात. कॅनडात मुभा, सिंगापुरात फाशी, हॉलंडात मोकळीक, भारतात बंदी, आणि मग लेखकाच्या वृत्तीप्रमाणे आश्चर्य किंवा संताप. या मांडणीत माहिती पुष्कळ असते व ती बहुतांशी खरीही असते. तथापि तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते तपासलेले नसते. ते असे की, या सर्व देशांत ज्यास मुभा किंवा बंदी आहे ती वस्तू एकच आहे. नुसत्या लेखनावरून दोन भाषांच्या उच्चारांची तुलना करावी, तसा हा प्रकार होय. अक्षर एक असले म्हणून ध्वनी एक असत नाही. कायद्यांतील फरक शिक्षेच्या कलमापासून सुरू होत नसून त्याच्या बऱ्याच आधी, व्याख्येच्या कलमात, सुरू झालेला असतो, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत भांग पितात व घोटतात, गांजा ओढतात. भांगेच्या व्यसनाधीनास ‘भंगड’ म्हणतात, गांजाच्या व्यसनाधीनास ‘गांजेकस’. यांतील ‘कस’ हा फारसी ‘कश’ म्हणजे ओढणारा यावरून आलेला. क्रियापदे व कर्तृवाचक नामे अशी निरनिराळी असणे, हे बोलणाऱ्याच्या मनात दोन वस्तू दोन कप्प्यांत असल्याचे लक्षण आहे. त्या एकाच झाडाच्या आहेत हे त्यास ठाऊक नसते असे नव्हे. पण त्या ज्ञानाची त्यास रोजच्या व्यवहारात गरज पडत नाही. प्रतिष्ठाही निराळी. भांग महाशिवरात्रीस व होळीस घरात येऊ शकते. गांजा गोसावी-बैराग्यांच्या धुनीजवळ असावयाचा, आणि गृहस्थाने चिलीम धरली तर ती लपून धरावयाची. ‘तुळशीत भांग’ या म्हणीत आणखी एक बारकावा आहे. चांगल्या कुळात निपजलेल्या वाईट अपत्यास ती लावतात, आणि तिचा सारा अर्थ भांग ही न पेरता उगवते या अनुभवावर उभा आहे. कायद्यात ‘लागवड’ हा शब्द आला की ही म्हण आठवते, कारण जे आपोआप उगवले त्याची लागवड कोणी केली, हा वाद न्यायालयात खरोखरच उद्भवू शकतो.

संस्कृतात चित्र वेगळे होते. पाणिनीने पाचव्या अध्यायात शेतवाचक शब्दांच्या सिद्धीसाठी जी धान्ये व पिके सांगितली आहेत, त्यांत तीळ, उडीद व जवस यांच्या पंक्तीत ‘भङ्गा’ येते. ‘भाङ्ग्य’ म्हणजे भंगेचे शेत. येथे मादकतेचा गंधही नाही. भंगा हे एक पीक आहे, बहुधा तंतूसाठी घेतलेले. ‘गञ्जा’ हा शब्द संस्कृतात पुष्कळ उशिरा दिसू लागतो. म्हणजे जुना शब्द झाडाचा आणि नवा शब्द झाडापासून विशिष्ट रीतीने केलेल्या वस्तूचा, असा क्रम लागतो. मराठीपर्यंत येता येता जुना शब्दही झाडावरून घसरून पानांवर आणि पेयावर स्थिरावला. परिणामी आज मराठीत त्या झाडास स्वतःचे असे निर्विवाद नाव उरलेले नाही. कोणी ‘भांगेचे झाड’ म्हणतो, कोणी ‘गांजाचे झाड’, आणि प्रत्येक वेळी झाडाची ओळख त्याच्या एखाद्या भागावरून करून द्यावी लागते.

इंग्रजी ‘हेम्प’चे मराठी भाषांतर करणाऱ्यांची त्यामुळे जी त्रेधा उडते ती मराठवाड्यातील वाचकास विशेष जाणवेल. आमच्या भागात ज्वारीच्या किंवा कपाशीच्या शेतात अंबाडीचे तास असतात. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि खोडाच्या सालीचा दोर होतो. या अंबाडीस वनस्पतिशास्त्रज्ञ ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ म्हणतात, कारण तिचे पान भांगेच्या पानाप्रमाणे पंजासारखे विभागलेले असते. आणि इंग्रजीत तिला ‘डेक्कन हेम्प’ हे नाव पडले. हिरवळीच्या खतासाठी जो ताग किंवा बोरू पेरतात तो इंग्रजीत ‘सन हेम्प’. यांपैकी कोणाचाही गांजाच्या कुळाशी संबंध नाही. तरीही ‘हेम्प’ दिसले की भाषांतरकार ‘ताग’ असे लिहून मोकळा होतो, आणि परतूरचा शेतकरी वाचतो की अमुक देशात तागाच्या लागवडीवर निर्बंध आहेत! १९८५ च्या कायद्यानेच तंतू व बी यांसाठी लागवडीची परवानगी देण्याची वाट खुली ठेवली आहे, उत्तराखंडाने २०१८ मध्ये त्या वाटेने पाऊल टाकले, आणि २०२१ मध्ये त्या झाडाचे बी अन्न म्हणून मान्य झाले. अशा काळात हा शब्दगोंधळ नुसता विनोदाचा विषय राहत नाही.

आता कायद्याच्या वाङ्मयाकडे वळू. या क्षेत्रातील एक ग्रंथ भाषाभ्यासकाने अवश्य वाचावा असा आहे, आणि तो म्हणजे १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल. ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या सभासदांनी मार्च १८९३ मध्ये प्रश्न विचारला, जुलैत आयोग नेमला गेला, डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष आणि सभासदांत तिघे हिंदी गृहस्थ. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष दिला तो असा की, पूर्ण बंदी आवश्यकही नाही व शहाणपणाचीही नाही. कर व परवाना यांच्या साहाय्याने नियंत्रण करावे. हा निष्कर्ष पुष्कळदा सांगितला जातो. मला महत्त्व वाटते ते आयोगाच्या प्रश्नावलीचे. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने बंगालमधील गांजावर नुकताच अहवाल लिहिला होता. त्यातील तीन व्याख्या आयोगाने साक्षीदारांपुढे ठेवल्या आणि विचारले की, या व्याख्या तुमच्या प्रांतास लागू पडतात काय, व तुमच्याकडे या वस्तूंस काय म्हणतात? त्या व्याख्यांप्रमाणे भांग म्हणजे वाळलेली पाने, मग झाड नर असो वा मादी, पेरलेले असो वा रानटी. गांजा म्हणजे लागवड केलेल्या मादी झाडाचे शेंडे, ज्यांस मोकळेपणी बी धरता न आल्यामुळे राळेचा लेप चढलेला आहे असे. चरस म्हणजे ती राळच, वेगळी गोळा केलेली.

व्याख्या म्हणून या वाक्यांकडे पाहिले की त्यांचे कौतुक वाटते. प्रत्येकीत भाग कोणता, झाड कोणते आणि त्यावर क्रिया कोणती, या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. गांजा ही नुसती निसर्गाची वस्तू नसून मनुष्याच्या कृतीचे फळ आहे, हे त्या व्याख्येतच सांगून टाकले आहे. कारण नर झाडे वेळीच उपटून टाकल्याशिवाय मादी झाड बी धरल्यावाचून राहत नाही. बंगालात राजशाहीकडील नौगाव आणि मध्य प्रांतात खंडव्याचा परिसर येथे ही लागवड एकवटली होती. शिवाय व्याख्या लादण्याआधी ती लोकांच्या बोलीशी ताडून पाहण्याची कल्पना स्वतंत्रपणे मोलाची आहे. ग्रिअर्सनांच्या भाषा-पाहणीचे काम १८९४ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास अबकारी खात्याच्या निमित्ताने एक लहानशी शब्दपाहणी देशभर होऊन गेली होती, याची दखल आपल्या बोलीविज्ञानाने घेतलेली मला दिसली नाही. अर्थात आयोग साम्राज्याचा होता आणि महसुलाकडे त्याचा डोळा होता, हे विसरून चालणार नाही. उत्पन्न देणारी वस्तू नेमकी कोणती हे ठाऊक असल्याखेरीज कर बसविता येत नाही. नेमकेपणाचे ते एक कारण होते. पण कारण कोणतेही असो, नेमकेपणा होता.

पुढील नव्वद वर्षांत या व्याख्येचे काय झाले, हा या लेखाचा मुख्य विषय. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी जिनीव्हा येथे अफूविषयक करार झाला. मूळ कार्यक्रमात नसलेला हा पदार्थ इजिप्तच्या प्रतिनिधींनी आग्रहाने त्यात आणला. त्यांच्या तोंडी शब्द होता ‘हशीश’. अरबीत त्याचा मूळ अर्थ वाळलेले गवत. करारात मात्र ‘इंडियन हेम्प’ आले आणि त्याची व्याख्या झाली ती स्त्रीकेसरी झाडाचे, राळ काढून न घेतलेले, वाळलेले शेंडे. व्यापारात त्यांस कोणतेही नाव असो. प्रेनच्या गांजाचे रूप येथे अजून ओळखू येते. मादी आहे, शेंडे आहेत, राळ आहे. बी न धरण्याची अट तेवढी गळाली. पाने करारात आलीच नाहीत.

१९३० च्या हिंदुस्थानातील घातक औषधांच्या कायद्याने उलट दिशा घेतली. त्याने ‘हेम्प’ या एका छत्राखाली पाने, बारीक देठ व शेंडे सारे घेतले, आणि भांग, सिद्धी व गांजा ही नावे नमूद करून वर चरस, त्यांची मिश्रणे आणि पेये जोडली. येथे नावे यादीसारखी येतात. त्यांतील भेद कायद्याच्या दृष्टीने संपलेला असतो. अंतर्गत विक्रीचा बंदोबस्त प्रांतांकडे राहिल्यामुळे व्यवहारात हा फरक फारसा जाणवला नाही, इतकेच.

मग १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा एकत्रित करार. आज जगातील बहुतेक देशांचे कायदे याच्या साच्यातून निघाले आहेत, म्हणून त्याचा शब्दन् शब्द तपासण्यासारखा आहे. त्याने ‘कॅनाबिस’, ‘कॅनाबिसचे झाड’ आणि ‘कॅनाबिसची राळ’ अशा तीन स्वतंत्र संज्ञा केल्या. झाड म्हणजे त्या प्रजातीचे कोणतेही झाड. पण ‘कॅनाबिस’ म्हणजे झाड नव्हे. ‘कॅनाबिस’ म्हणजे शेंडे, आणि बिया व पाने, शेंडे सोबत नसताना, त्यातून बाहेर. पाने बाहेर राहण्यात भारताच्या आग्रहाचा वाटा होता. म्हणजे लॅटिन वेष पांघरून जागतिक कायद्यात जे बसले आहे, तो आपला गांजा आहे. आणि त्यातून जी बाहेर राहिली आहे ती आपली भांग आहे. ‘कॅनाबिसवर बंदी’ हे शब्द वाचताना वाचक झाड डोळ्यापुढे आणतो. करारकर्ते मात्र फार तर एक शेंडा डोळ्यापुढे आणीत होते. आणखी एक गोष्ट. १९२५ मधील ‘स्त्रीकेसरी’ हे विशेषण १९६१ मध्ये वगळण्यात आले. त्यामुळे नर झाडाचा फुलोरा, ज्यास खंडव्याच्या शेतकऱ्याने कधीही गांजा म्हटले नसते व जो त्याने उपटून फेकला असता, तोही कायद्याच्या भाषेत गांजाच्या जागी येऊन बसला.

आपला १९८५ चा कायदा या तिसऱ्या व्याख्येवर उभा आहे. तो करताना लेखकांनी लॅटिन नावाखाली ‘चरस’ व ‘गांजा’ ही देशी नावे परत आणली; हे मला आवडते. पण मागच्या दाराने जी अडचण आली ती अशी. झाड लावणे हा गुन्हा, शेंडा बाळगणे हा गुन्हा, शेंड्याचे पेय हा गुन्हा. आणि नुसते पान या कायद्याच्या बाहेर. भांग या शब्दाचा उच्चारही व्याख्येत नाही. ती वगळली आहे ती नाव घेऊन नव्हे, तर कंसातील एका उपवाक्याने. जी वस्तू नावाने ओळखली जाते तिला नाव न घेता वगळले, आणि वर म्हटले की नाव कोणतेही असो! ‘कोणत्याही नावाने’ हे शब्द पळवाट बुजविण्यासाठी घातलेले असतात, हे मला समजते. परंतु या विशिष्ट वस्तूच्या बाबतीत लोकांनी नावांतच जो भेद जपून ठेवला होता, तोच या शब्दांनी पुसला जातो.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे येते. इंग्रजीत विशेषणवजा उपवाक्य नामांच्या मागून येते आणि ‘बिया व पाने’ यांपैकी शेवटच्यास लागते की दोहोंस, हे वाक्यरचना सांगत नाही. मराठीत तसे मोघम राहणे कठीण आहे. ‘शेंडे सोबत नसलेली पाने व बिया’ असे लिहिले की नसलेपण निदान पानांस लागते आणि बिया संशयात राहतात. ‘बिया, आणि शेंडे सोबत नसलेली पाने’ असे लिहिले की बिया सर्वथा मुक्त होतात. ‘शेंडे सोबत नसतील तेव्हा बिया व पाने’ असे म्हटले की दोन्हींवर अट बसते. मराठीत क्रम निवडल्याशिवाय वाक्यच होत नाही, आणि क्रम निवडणे म्हणजे निर्णय देणे होय. भाषांतरकारास न्यायाधीश करून सोडणारी ही वाक्ये असतात. ‘सोबत’ या शब्दाचे उत्तर मात्र व्याकरणात नाही. शेंड्यास लगडून असलेले पान ‘सोबत’ आहे हे निःसंशय. खुडून एका पोत्यात भरलेला पाला व शेंडे एकमेकांच्या ‘सोबत’ आहेत काय, हे शब्दार्थावरून ठरणारे नाही, हेतूवरून ठरेल. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन-अर्जात आणि त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने भांगेच्या एका प्रकरणात या भेदास महत्त्व दिले. परंतु ते महत्त्व ओळखण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि दरम्यान माणूस तुरुंगात होता.

बाहेरच्या देशांकडे आता निराळ्या दृष्टीने पाहता येईल. जमैकाचेच घ्या. १८४५ पासून तेथे हिंदी मजूर करारावर नेले गेले आणि त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्द गेला. तो इतका रुजला की तेथील कायद्यातही संज्ञा ‘गांजा’ हीच आहे. पण त्या कायद्याने त्याचा अर्थ केला तो झाडाचे सर्व भाग आणि शिवाय राळही! म्हणजे आपल्या कायद्यात जे पान गांजा नाही ते जमैकात गांजा आहे. आपल्याकडे जो चरस गांजाहून वेगळा तोही तेथे गांजा आहे. २०१५ मध्ये जमैकाने दोन औंसांपर्यंत गांजा जवळ बाळगणे हा अटकेचा गुन्हा राहू दिला नाही, घरी पाच झाडांची मुभा दिली, आणि रास्ताफारी पंथीयांच्या धार्मिक वापरास मान्यता दिली. त्या सवलतीची आपल्या एक किलोच्या ‘अल्प’ प्रमाणाशी तुलना करणाऱ्याने, दोन्हीकडे शब्द एकच असला तरी मोजावयाची वस्तू एक नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मॉरिशसमध्ये, जेथे मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या, तेथील क्रिओल भाषेत याच शब्दाचे ‘गांद्या’ असे रूप झाले आहे. थायी भाषेतील ‘कांचा’ हाही आपल्याच शब्दाचा वंशज. थायलंडने जून २०२२ मध्ये हे झाड अंमली पदार्थांच्या यादीतून काढले आणि जून २०२५ मध्ये फुलोऱ्यास वैद्याच्या चिठ्ठीची अट घातली; पुन्हा फुलोराच, झाड नव्हे. प्रेनच्या व्याख्येचे हे पूर्वेकडील पुनरागमन म्हणावयास हरकत नाही.

सिंगापूरचा कायदा त्याच्या कठोरपणासाठी प्रसिद्ध आहे. पाचशे ग्रॅमहून अधिक मालाच्या तस्करीस तेथे फाशी आहे. पण तेथे ‘कॅनाबिस’ म्हणजे त्या प्रजातीचे झाड किंवा त्याचा कोणताही भाग. आपल्याकडचे निर्दोष पान तेथे वजनात धरले जाते. म्हणून शिक्षेतील अंतर वाटते त्याहूनही मोठे आहे.

अमेरिकेने दुसराच मार्ग धरला. १९३७ च्या कायद्याने ‘मारिहुआना’ हा मेक्सिकोकडून आलेला शब्द स्वीकारला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडाचे दोर वळले त्याचे जुने नाव बाजूस पडले आणि परकीय वाटणाऱ्या नावाखाली ते झाड निषिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये त्याच झाडाची दोन नावांत वाटणी झाली ती एका आकड्यावर. मादक घटक शेकडा ०.३ पर्यंत असेल तर ‘हेम्प’, अधिक असेल तर ‘मारिहुआना’. भाग नाही, लिंग नाही, क्रिया नाही. केवळ प्रयोगशाळेतील अंक. डोळ्याने व नाकाने करावयाची ओळख येथे संपली. शेतकऱ्याला आपल्या शेतातील पिकाचे नाव कापणीपूर्वी तपासणीचा कागद आल्यावरच कळते!

हॉलंडविषयी आपल्याकडे जितके लिहिले जाते तितके चुकीचे लिहिले जाते. तेथे विक्री कायदेशीर नाही. डच भाषेत ‘गेडोगन’ असे एक क्रियापद आहे. निषिद्ध असूनही जाणूनबुजून चालवून घेणे, असा त्याचा अर्थ. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक दुकानांतून एका व्यक्तीस पाच ग्रॅमपर्यंत विकल्यास खटला भरला जात नाही. दुकानात माल मागच्या दाराने येतो तो मात्र बेकायदाच राहिला, आणि त्यासाठी नियंत्रित पुरवठ्याचा प्रयोग डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. ‘गेडोगन’ला मराठीत ‘कानाडोळा’ हा शब्द चालेल असे प्रथम वाटते, पण कानाडोळा लपून केला जातो आणि गेडोगन जाहीर नियम करून. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ रोजी जे केले त्यास निरनिराळ्या प्रमाणांत खरोखर ‘कायदेशीर’ म्हणता येईल. हॉलंडास नाही.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आपल्याशी अधिक निगडित आहे. तेथील शब्द ‘दग्गा’, मूळचा खोईखोई लोकांचा. नाताळ वसाहतीत १८७० मध्ये बंदी आली ती पदार्थापेक्षा माणसावर होती. करारावरील हिंदी मजुरांनी तो वापरू नये व त्यांस कोणी देऊ नये, असा तो नियम होता. व्याख्या तेथे झाडाची नसून ओढणाऱ्याची होती. १८ सप्टेंबर २०१८ रोजी तेथील घटना-न्यायालयाने प्रौढ व्यक्तीचा खाजगी वापर गुन्हा ठरविणे घटनाबाह्य मानले. तेव्हा आधार घेतला गेला तो खाजगीपणाच्या हक्काचा. म्हणजे आरंभीही कर्ता आणि शेवटीही कर्ताच.

इतक्या लांबच्या प्रवासानंतर परतूरला परतताना मला वाटले की, देशोदेशींचा फरक पाहण्यासाठी परतूरची वेस ओलांडण्याची गरज नव्हती. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता व येथे १३१६ फसलीचा हैदराबाद आबकारी कायदा होता. मंठ्याच्या पलीकडे लोणारकडे गेले की वऱ्हाड, आणि तेथे इंग्रजी अंमल. संस्थान विलीन झाल्यावर १९३० चा अखिल भारतीय कायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९५९ मध्ये मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा येथे लागू झाला. १९८१ मध्ये परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात आला. १९८५ चा कायदा त्यानंतरचा. एकाच बांधावर उभ्या असलेल्या एकाच झाडाने एका आयुष्यात इतके कायदे पाहिले.

यांपैकी दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे, आणि त्याचे मराठी नाव फसवे आहे. नावात दारू आहे. पोटात मात्र मादक औषधिद्रव्ये आहेत आणि त्यांत भांगही आहे. मूळ इंग्रजी शीर्षकात नुसता ‘निषेध’ होता. मराठी करणाऱ्याने त्यास दारूपुरते आकसून टाकले. म्हणून १९८५ च्या कायद्याने सोडलेले पान महाराष्ट्रात या दुसऱ्या जाळ्यात सापडते. परतूरहून उज्जैनला महाकाळाच्या दर्शनास गेलेला यात्रेकरू तेथे सरकारी परवान्याच्या दुकानात भांग-घोटा उघड विकला जाताना पाहतो. त्यातली पाने त्याने पिशवीत घालून घरी आणली तर आपण कोणता कायदा मोडला हे त्यास सांगता येणार नाही. कारण ज्या कायद्याचे नाव त्याने ऐकले आहे तो दारूचा आहे.

पंचनाम्यांची मराठी हा या साखळीतील शेवटचा दुवा. त्या विद्यार्थ्याने दाखविलेल्या नकलेत जप्त मालाचे वर्णन ‘हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, ओलसर पाला’ असे होते, आणि पुढच्याच ओळीत त्याच मालास ‘गांजा’ म्हटले होते. हा साचा सर्वत्र सारखाच आढळतो, असे त्यांनी सांगितले. रंग आहे, वास आहे, ओल आहे; कायदा ज्यावर उभा आहे तो शेंडा नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. त्याच्या बोलीत ‘गांजा’ म्हणजे ते सारे झाड, आणि कायद्याने तो शब्द त्याला न विचारता आकुंचित केला. १८९३ च्या आयोगाने निदान विचारले तरी होते. पाने, देठ, बिया व फुलोरा वेगवेगळे करून त्यांचे वजन वेगवेगळे लिहावे, एवढी साधी सूचना पंचनाम्याच्या नमुन्यात आली तरी पुष्कळ वाद खालच्याच न्यायालयात मिटतील.

यावर असा आक्षेप येईल की, व्याख्या जितकी बारीक तितकी पळवाट मोठी. पाने वगळली की प्रत्येक आरोपी पानेच होती म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. कपाशीत व तुरीत लपवून केलेल्या लागवडीच्या बातम्या आपण वाचतो, आणि ती लागवड भांगेसाठी नसते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्यांस सर्वच भाग निषिद्ध करावयाचे असतील त्यांनी सिंगापूरप्रमाणे तसे स्पष्ट लिहावे. ज्यांस पान मोकळे ठेवावयाचे असेल त्यांनी भांगेचे नाव घेऊन ते मोकळे ठेवावे. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी सत्तावीस विरुद्ध पंचवीस मतांनी हा पदार्थ सर्वांत कडक यादीतून काढला व भारताने बाजूने मत दिले. यादी बदलली, व्याख्येतील कंस तसाच राहिला.

परतूर, मंठा व लोणार या पट्ट्यातील वृद्ध शेतकऱ्यांकडून या झाडाच्या भागांची, नर-मादी भेदाची आणि अंबाडी-तागापासून ते वेगळे ओळखण्याच्या खुणांची नावे गोळा करण्याचे काम आमच्या काही विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, असा विचार आहे. विचारावयाची पहिली गोष्ट ठरली आहे : शेंड्यास तुमच्याकडे काय म्हणतात?